कोटाच्या बाहीवरचा १९९

पेन्सिलीनं काढलेला माणूस कसा वाचायचा यावर आपल्याकडं कुणी फारसं लिहीत नाही. चित्रांवर लिहिणारे आहेत. ते रंगावर लिहितात, आकृतिबंधावर लिहितात, अन् शब्द असे वापरतात की चित्र बघायच्या आधीच वाचणारा दाराबाहेर उभा राहतो. दाराबाहेर उभं राहायची आपल्याला पिढीजात सवय, म्हणून त्यांचं फावतं. मी चित्रकार नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर कामाला आहे. चित्रं बघितली ती नगरवाचनालयातल्या जाड पुस्तकांत, आणि आता मोबाईलवर, बोटांनी ताणून ताणून. तरी मला बोलायचंय, कारण या चित्रांत जी माणसं बसलीत, वाकलीत, ओढतायत, ती आपल्या धंद्यातली माणसं आहेत. त्यांच्याबद्दल बोलायला मला कुणाची शिफारस नको.

आधी पेन्सिलीचं सांगतो, कारण हत्यार कळल्याशिवाय काम कळत नाही. इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाईटची खाण सापडली. त्याच्या कांड्या कापून लाकडात बसवायच्या, ही पहिली पेन्सिल. पुढं फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध जुंपलं, इंग्रजांचा माल बंद झाला, तेव्हा निकोलस झाक काँते या माणसानं १७९५ साली तोड काढली. ग्रॅफाईटची भुकटी मातीत मळायची आणि भट्टीत भाजायची. माती जास्त तर पेन्सिल कडक, माती कमी तर मऊ आणि काळी. आजही आपल्या पोरांच्या कंपासपेटीतली पेन्सिल याच कृतीची. म्हणजे बघा, पेन्सिल हीसुद्धा लढाईची आणि भट्टीची पैदास आहे. ती काही सरस्वतीच्या हातातनं पडलेली नाही.

या हत्याराचा एक गुण असा की ते हाताचा जोर लपवू देत नाही. तैलरंगात वरून थर चढवता येतो. पेन्सिलीत जिथं दाबलं तिथं काळं, जिथं हात सैल सोडला तिथं करडं. म्हणून पेन्सिलीचं चित्र बघताना मी एकच करतो. चित्रकारानं कुठं दाबलंय ते शोधतो. त्याला या माणसात काय मोलाचं वाटलं, ते तिथं कळतं. बाकी त्यानं चित्राला नाव काय दिलं, पत्रात काय लिहिलं, ते नंतर.

ही कसोटी आधी साहेबलोकांवर लावून बघू. अँग्र हा फ्रेंच चित्रकार रोममध्ये राहात होता. १८१५ ला नेपोलियन पडला, त्याचे फ्रेंच गिऱ्हाईक गेले, तेव्हा पोटासाठी तो रोम बघायला आलेल्या पाहुण्यांची, त्यातही इंग्रजांची, पेन्सिलीनं चित्रं काढू लागला. हात असा की तोंडात बोट जावं. टोकदार कडक पेन्सिल, गुळगुळीत कागद. पण जोर कुठं आहे? चेहऱ्यावर. डोळा, नाकपुडी, ओठाची कड, केसांची बट. मानेच्या खाली उतरलं की कोट म्हणजे नुसत्या पळत्या रेघा. ते बरोबरच आहे म्हणा. ज्याला हातानं काही करायचंच नाही त्याचे खांदे कशाला वाचायचे? त्याचं सगळं भांडवल चेहऱ्यात.

आता जर्मनीत या. अडॉल्फ मेंझेल. माणूस साडेचार फुटांचा, इतका बुटका की लष्करानं घेतला नाही. कायम पेन्सिल जवळ बाळगायचा, आणि ती सुद्धा सुताराची, रुंद शिशाची. १८७२ साली तो सिलेशियात क्योनिग्सह्यूटे इथल्या लोखंडाच्या कारखान्यात गेला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, खोजूफ नावानं. तिथं त्यानं शंभरावर अभ्यासचित्रं काढली आणि त्यातनं १८७५ ला मोठं तैलचित्र पुरं केलं, ‘लोखंडाची रोलिंग मिल’. ते बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे.

तैलचित्र थोर आहे असं सगळे म्हणतात, असेलही. आग आहे, धूर आहे, तापलेल्या लोखंडाचा गोळा आहे. मला त्याच्या आधीच्या पेन्सिलीच्या कागदांत जास्त मिळालं. एकाच कागदावर एकच हात तीनदा. सांडशी धरलेला हात, ओढणारा हात, मान खाली घालून अंग धुणारा माणूस. शिसं बोटानं की कशानं पुसून त्यानं घामट काळोख आणलाय. जोर सगळा कोपरापासून मनगटापर्यंत. चेहरे बहुतेक अर्धवट. अँग्रच्या अगदी उलट. इथं माणसाचं भांडवल हातात आहे आणि चित्रकाराला ते नेमकं दिसलंय.

पण हिशेब इथं पुरा होत नाही. मेंझेलला हात दिसला तो मशीनचा एक भाग म्हणून. हा कुणाचा हात, त्याचं नाव काय, हे त्या कागदांवर शोधून सापडत नाही. मोठ्या चित्रात मात्र उजव्या कोपऱ्यात खाली एक जागा अशी आहे, की मी तिथं नेहमी थांबतो. लोखंडी पत्र्याच्या आडोशाला काहीजण बसून जेवतायत. जेवणाची टोपली घेऊन एक बाई वाकलीय, आणि ती थेट आपल्याकडं बघतीय. अख्ख्या कारखान्यात बघणारी तेवढी एकच. ज्यांच्या घरातनं गिरणीत डबा गेलाय त्यांना ती बाई कोण हे सांगायला नको.

त्याच सुमाराला आपल्याकडंही एक साहेब कामकऱ्यांची चित्रं काढत फिरत होता. जॉन लॉकवुड किपलिंग, मुंबईच्या जे. जे. स्कूलमधला शिक्षक. सरकारनं १८७० मध्ये त्याला वायव्य प्रांतात पाठवलं, तिथल्या कारागिरांची चित्रं करायला. पेन्सिल आणि शाईतली ती चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बसण्याची ढब अचूक, हत्यार अचूक, पायाच्या अंगठ्यात काय धरलंय ते सुद्धा अचूक. पण त्या माणसाला भूक आहे का, त्याच्यावर कर्ज आहे का, त्याला कुणाच्या विहिरीवर पाणी भरता येतं का, याचा पत्ता नाही. त्याच्या आधी कंपनी सरकारच्या काळात साहेबांसाठी जातीजातींचे अल्बम रंगवले जायचे. एक पान, एक जात, एक हत्यार, शेजारी बायको. किपलिंगचा हात त्या अल्बमांपेक्षा कितीतरी भला, पण माणूस त्याच कप्प्यात. नमुना म्हणून ठेवलेला. मेंझेलच्या चित्रात निदान घाम तरी आहे.

आता व्हॅन गॉग. त्याच्याबद्दल लोकांना कान कापलेला आणि सूर्यफुलं एवढंच माहीत असतं. पांढरपेशांच्या दिवाणखान्यात तीच फुलं. त्याच्या आधीची पेन्सिलीची वर्षं कुणी टांगत नाही, कारण ती टांगली तर जेवण जाणार नाही.

हा माणूस आधी धर्मोपदेशक होता, बेल्जियमच्या बोरिनाज भागात, कोळशाच्या खाणकामगारांत. तो इतका त्यांच्यासारखा राहू लागला की धर्मसंस्थेलाच ते सोसलं नाही, १८७९ ला त्याला काढून टाकलं. १८८० पासून त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं आणि सुरुवात केली ती खाणीवर जाणाऱ्या माणसांपासून. शाळेत शिकलेला असा नाहीच. दुसऱ्यांची चित्रं गिरवून, पुस्तकावरून शिकला. आमच्याच जातीचा म्हणायचा, जात या शब्दाचा चांगला अर्थ असेल तर.

१८८२ साली तो द हेग शहरात होता. भाऊ पैसे पाठवायचा, त्यातनं खोलीचं भाडं आणि समोर बसणाऱ्यांची मजुरी. तिथल्या चर्चच्या वृद्धाश्रमातले म्हातारे तो बोलवायचा. गावात त्यांना ‘अनाथ म्हातारे’ म्हणत. आश्रमाचा कोट घालायचा आणि त्यावर नंबर. त्यातला एक आद्रिआनुस झाउडरलांड, सत्तरी ओलांडलेला, टकला, पांढरे कल्ले, कानानं बहिरा. त्याचा नंबर १९९. त्याला छत्री घेऊन काढलाय, टोपी घालून काढलाय, कॉफी पिताना काढलाय. एका चित्रात बाहीवर तो नंबर स्पष्ट दिसतो. संशोधकांनी पुढं त्या नंबरावरनंच आश्रमाच्या नोंदीतून त्याचं नाव काढलं. म्हणजे नंबरामुळं नाव सापडलं. उलटं झालं. आपल्याकडं नंबर चढला की नाव जातं. बिल्ल्याचा नंबर, बदली कार्डाचा नंबर, आता अंगठा लावायच्या मशीनचा नंबर.

याच म्हाताऱ्याला त्यानं नोव्हेंबर १८८२ मध्ये खुर्चीवर बसवला, कोपर गुडघ्यावर, दोन्ही मुठींत डोकं. चित्राला नाव ‘झिजलेला’. त्याचाच दगडावर छाप केला तेव्हा नाव झालं ‘अनंताच्या दारात’. आणि १८९० मध्ये, मरायच्या दोनतीन महिने आधी, वेड्यांच्या इस्पितळात असताना, त्यानं तेच चित्र पुन्हा रंगात केलं. आठ वर्षं तो म्हातारा त्याच्या डोक्यातनं गेला नव्हता.

व्हॅन गॉगनं स्वतः पत्रात त्याचा अर्थ देवाकडं नेलाय. असा म्हातारा बघितला की देव आहे, शाश्वत काही आहे, याची खूण पटते, असा त्याचा सूर. त्याला वाटलं असेल. मला नाही वाटत. मी माझी कसोटी लावतो. पेन्सिल दाबलीय कुठं? मुठींवर, खांद्यावर, ठिगळाच्या विजारीच्या गुडघ्यांवर, जाड बुटांवर. मुठी आवळलेल्या आहेत. प्रार्थनेचे हात असे नसतात, ते उघडे असतात किंवा एकमेकांत गुंतलेले असतात. हे हात डोळ्यांत खुपसलेत. रात्रपाळी करून सकाळी सात वाजता खाटेच्या काठावर बसलेला माणूस असाच बसतो, त्याच्यासमोर अनंताचं दार वगैरे काही नसतं, फक्त झोप येत नसते. चित्राचं नाव चर्चमधनं आलंय, पेन्सिल मात्र खरं बोललीय. चित्रकारापेक्षा त्याचा हात शहाणा असू शकतो, असं माझं मत आहे.

हात कसा चालला तेही सांगतो. त्याला साधी बारीक पेन्सिल चालत नसे. सुताराची जाड पेन्सिल, खरबरीत जाड कागद. शिसं चकाकतं, ती चकाकी त्याला नको होती, म्हणून तो दुधात पाणी घालून चित्रावर ओतायचा. दूध वाळलं की शिसं कागदाला धरून बसतं आणि काळं मिट्ट होतं, कोळशासारखं. त्याच वर्षी त्यानं सिएन होर्निकचं चित्र केलं, नाव ‘दुःख’. शिवणकाम करून, नंतर देह विकून जगलेली बाई, पोटुशी, टाकलेली. तिला घरी आणून तो तिच्याबरोबर राहिला म्हणून नातेवाईकांनी, ओळखीच्या चित्रकारांनी त्याला वाळीत टाकलं. ते सोवळं कुठंही सारखंच.

एक गोष्ट मात्र त्याच्या पत्रातली अशी आहे की तिच्यासाठी मी त्याचे देवबिव सगळे माफ करतो. म्हाताऱ्याचा दगड छापखान्यात होता तेव्हा तिथल्या कामगारांनी मालकाकडं एक प्रत मागितली, खोलीत भिंतीवर लावायला. व्हॅन गॉगला याचा फार आनंद झाला. सामान्य कामकऱ्याच्या भिंतीला असे छाप लागावेत, स्वस्तात, याचे बेत तो तेव्हा करतच होता. ते बेत तडीला गेले नाहीत.

पुढं १८८४ मध्ये न्युनेन गावात तो विणकरांच्या घरात जाऊन बसला. पेन्सिल, शाई, रंग, सगळ्यात विणकर काढले. घरातल्या खोलीभर माग, त्यात माणूस कोंबलेला. एका चित्रात मागाशेजारी उंच खुर्चीत तान्हं पोर आहे, बाप विणतोय आणि पोर बघतंय. एका जुन्या ओक लाकडाच्या मागावर १७३० साल कोरलेलं होतं असं त्यानं लिहिलंय. म्हणजे दीडशे वर्षं तोच माग, माणसं तेवढी बदलली. मित्राला लिहिताना त्यानं म्हटलंय की यंत्राचा नकाशा काढणारा माग जास्त बिनचूक काढेल, पण त्या लाकडांच्या पसाऱ्यातनं एखादा उसासा ऐकू आला पाहिजे, तो नकाशात येणार नाही. हे लाख रुपयांचं बोलला. पण तिथंच विणकराला काळं माकड, भूत, पिशाच्च असंही म्हणतो. वाईट हेतूनं नाही. त्याला ते भेसूरपण दाखवायचंय. तरी मला टोचतं. ज्यांना माणसात धरलंच नाही त्यांच्या कानाला हे शब्द वेगळे ऐकू येतात. आणि चित्रात दिसतंही ते. मागाची एकूण एक दांडी ठासून काढलीय आणि आतला माणूस सावलीसारखा. पेन्सिल लाकडावर दाबली, माणसावर नाही.

तो माणूस लाकडाच्या बाहेर काढला एका बाईनं.

केटे कोलविट्झ. जन्म १८६७, नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर. दवाखान्यात येणाऱ्या बायका हीच तिची शाळा. १८९३ मध्ये तिनं हाउप्टमानचं ‘विणकर’ हे नाटक बघितलं. विषय खरा घडलेला. १८४४ च्या जूनमध्ये सिलेशियातले घरी विणणारे विणकर उठले. व्यापाऱ्यांनी मजुरी पाडत पाडत पोट भरेना अशी वेळ आणली होती, वरून इंग्लंडच्या यंत्राचं स्वस्त कापड. विणकरांनी मालकाची हवेली फोडली. लष्करानं गोळ्या घातल्या, अकरा मेले. नाटक बघून कोलविट्झनं हातातलं काम सोडलं आणि चार वर्षं, १८९७ पर्यंत, सहा चित्रांची मालिका केली. तीन दगडावरचे छाप, तीन तांब्याच्या पत्र्यावरचे. त्यामागं पेन्सिलीची, शाईची, कोळशाची तयारीची रेखाटनं. एकेक हात, एकेक मान, पुन्हा पुन्हा.

पहिलं चित्र बघा, ‘हलाखी’. अंधारी खोली, माग आहे, पण मागं ढकललेला. पुढं खाटेवर मरणाला टेकलेलं पोर, आणि आई दोन्ही हातांत डोकं धरून वाकलेली. तेच डोकं, तेच हात, व्हॅन गॉगच्या म्हाताऱ्याचे. पण इथं अनंत नाही, इथं कारण आहे. कारण खोलीतच उभं आहे, लाकडाचं. चौथ्या चित्रात मोर्चा. कुऱ्हाडी घेतलेले पुरुष, आणि त्यांच्यात एक बाई, पाठीवर झोपलेलं पोर घेऊन चाललीय. पाचव्यात हवेलीच्या नक्षीदार फाटकासमोर बायका रस्त्यातले दगड उपसून ओट्यात भरून देतायत. शेवटच्यात पुन्हा तीच खोली, तोच माग, आणि जमिनीवर प्रेतं आणून ठेवतायत. दारापाशी बाई उभी. रडत नाही. तिच्या लोंबत्या हातांकडं बघा, मुठी वळल्यात.

कोलविट्झनं पुढं आपल्या आठवणींत लिहिलंय की कामकऱ्यांकडं ती आधी गेली ती दयेपोटी नाही. त्यांचं चालणं, वाकणं, अंगाचा भरदारपणा तिला देखणा वाटला, मध्यमवर्गाच्या माणसांत तिला काही काढण्यासारखं दिसेना. त्यांचं हलाखीचं जिणं तिला नंतर कळत गेलं. हे वाचून मी दचकलो होतो, आणि मग मला ते फार पटलं. आपल्यावर आजवर दया करणारे खूप झाले. आपल्या अंगाला देखणं म्हणणारे कितीसे झाले?

१८९८ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी या मालिकेला सुवर्णपदक द्यायची शिफारस केली. शिफारस करणाऱ्यांत म्हातारा मेंझेल होता, लोखंडवाला. कैसरनं, दुसऱ्या विल्हेल्मनं, नकार दिला. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनमध्ये पदक मिळालं. १९०३ मध्ये तिनं मेलेल्या पोराला कवटाळलेली बाई काढली, तेव्हा आरशासमोर सात वर्षांच्या आपल्याच पेटरला मांडीवर घेऊन बसली होती. तो पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर पडला. १९१९ ला ती प्रशियाच्या कला अकादमीची सदस्य झाली, १९३३ ला हिटलर आल्यावर तिला राजीनामा द्यायला लावला. महायुद्ध संपायला दोन आठवडे असताना, एप्रिल १९४५ मध्ये, ती वारली. स्वतःचे चेहरे तिनं शंभरावर काढलेत. त्यात पेन्सिल नेहमी कपाळाच्या हाडावर, डोळ्यांच्या खोबणीत आणि हातावर दाबलेली. म्हणजे दुसऱ्याला ज्या नजरेनं बघितलं त्याच नजरेनं स्वतःला.

आता आपल्या मागाचं बोलू. कारण विणकराचं चित्र बघताना मला एक अडचण येते, जी जर्मन किंवा डच माणसाला येणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं पिढ्यान् पिढ्या होती, पण मागावर नव्हती. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यावं लागे. तो धोटा एकाच्या तोंडातनं दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्याला विणाई खात्यात पाऊल ठेवू दिलं नाही. पगार विणाईत जास्त. आपल्याला रिंग खातं, कमी पगाराचं. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच सवाल ठेवला, की आमच्या माणसांना विणाई खात्यात घ्या ही मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? लाल बावट्याखाली एक झालेल्या कामगारांच्या तोंडात थुंकी तेवढी वेगवेगळी होती. आमच्या घरातही गिरणी तीन पिढ्यांची, आणि तिन्ही पिढ्या सूत काढण्यात. तेव्हा व्हॅन गॉगचा तो मागात अडकलेला माणूस बघितला की मला त्याची कीव येते, आणि त्याच दमात हेही आठवतं की त्या पिंजऱ्यात अडकायची सुद्धा आपल्याला मनाई होती. हे चित्र कुठल्या चित्रकारानं काढलंय? मागाच्या खात्याच्या दाराशी उभा, हातात कांड्यांची टोपली, आत न जाणारा माणूस? माझ्या तरी बघण्यात नाही.

जवळ जाणारा एक होता. चित्तप्रसाद. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तो मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला, मेलेले आणि मरू घातलेले समोर बसून काढले. पेन्सिलीपेक्षा शाई जास्त, पण जात तीच. नमुना म्हणून नाही काढलं. जिथं कळलं तिथं माणसाचं नाव, गाव लिहिलं. त्याची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारनं जप्त करून नष्ट केली, पाच हजार प्रती. एक प्रत घरात राहिली होती, तिच्यावरून २०११ मध्ये ती पुन्हा छापली गेली. त्याच्याबरोबर दुष्काळ काढायला शिकलेला सोमनाथ होर, त्याच्यावर तर कोलविट्झचा सरळ ठसा. त्यानं १९४६ मध्ये तेभागाच्या लढ्यातल्या कुळांची रेखाटनं आणि डायरी केली. सिलेशियाचा विणकर असा फिरत फिरत बंगालच्या शेतात येऊन पोचला.

चित्तप्रसाद १९४६ पासून मुंबईत राहिला, अंधेरीत. गिरणगाव लोकलनं अर्ध्या तासावर. १९७८ मध्ये तो वारला.

यातलं एकही चित्र अंकात देता आलेलं नाही. स्टेन्सिलवर सळईनं रेघ ओढता येते, पण पेन्सिलीचा करडा उतरत नाही, सगळा डाग होतो. म्हाताऱ्याची नुसती कडा काढून बघितली, मुठी गेल्या. ज्यांना बघायचंय त्यांनी पाळी सुटल्यावर माझ्याकडं यावं, मोबाईलवर आहेत.